बाबा फॉर्म भरत नाहीत, आता?

"काकू, बाबा फाफ्सा भरायला नाही म्हणतात. म्हणजे मला आता काहीच मिळणार नाही का?"

शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण हा प्रश्न दर हिवाळ्यात माझ्याकडे येतोच. अमेरिकेत कॉलेजच्या फीला सरकारी हातभार हवा असेल तर फाफ्सा हा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. पेल ग्रँट (केंद्र सरकारची, परत न करायची मदत), सरकारी कर्ज, वर्क-स्टडी (शिकता शिकता करायचं अर्धवेळ काम) आणि आमच्या न्यू जर्सी राज्याची 'टॅग' ग्रँट, सगळ्यांची वाट तिथूनच जाते. विद्यार्थी चोविशीच्या आतला, अविवाहित आणि पदवीचं शिक्षण घेणारा असेल, तर बहुतेक वेळा पालकांच्या उत्पन्नाची माहिती द्यावीच लागते. आईवडील एका छताखाली सुखाने नांदत असतील तर तासाभराचं काम. नसतील तर घरात वर्षानुवर्षं न बोललेलं सगळं त्या एका अर्जापाशी येऊन अडतं.

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी बारावीत. जन्म इथलाच, त्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता. वडील काही वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने दुसऱ्या राज्यात गेले. नोकरी हे निमित्तच होतं, परत यायचं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. घटस्फोट मात्र कोणी मागितला नाही आणि भारतातल्या नातेवाइकांना काही कळवलंही नाही. आई मुलीला घेऊन बहिणीकडे राहायला आली. आईची नोकरी डे-केअरमध्ये, पगार वर्षाला तीसेक हजार डॉलर. घर मावशी आणि काकांचं, दोघंही आयटीतले.

आईने अर्ज भरायला घेतला. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'विवाहित' निवडलं, कारण कायद्याने त्या विवाहितच होत्या. नवराबायकोचं टॅक्स रिटर्न वेगवेगळं भरलेलं, त्यामुळे अर्जाने लगेच वडिलांचं नाव आणि ईमेल मागितला. अर्जाच्या भाषेत असा पालक म्हणजे 'काँट्रिब्युटर'. त्याने स्वतःचं खातं उघडायचं आणि टॅक्सची माहिती आयआरएसकडून, म्हणजे तिथल्या कर खात्याकडून, घ्यायला संमती द्यायची. ज्यांची संमती लागते त्यांच्यापैकी एकाने जरी दिली नाही, तरी सरकारी मदतीचा हिशेबच होत नाही. वडिलांना ईमेल गेला. त्यांनी तो तसाच ठेवला. मुलीने फोन केला तेव्हा म्हणाले, "माझ्या पगाराचे आकडे त्या घरात जाणार नाहीत."

मी आईंना पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. "तुम्ही दोघं एकत्र राहता का?"

"नाही हो ताई. पण घटस्फोट कुठे झालाय?"

तो लागतच नाही. एकाने घर सोडलेलं असेल आणि पुन्हा एकत्र राहण्याचा विचार नसेल, तर फाफ्साच्या लेखी ते दोघे विभक्तच. त्याला कोर्टाचा कागद लागत नाही. उलट एकाच घरात वरच्या-खालच्या मजल्यावर अबोला धरून राहणारं जोडपं, त्यांच्या मनाने कितीही वेगळं झालेलं असो, अर्जात विवाहित म्हणूनच जातं आणि दोघांचंही उत्पन्न धरलं जातं. आणि नवरा फक्त नोकरीसाठी बंगळुरूला किंवा टेक्सासला राहतो, सुट्टीत घरी येतो, एवढ्याने कोणी विभक्त होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण फी वाचवायची म्हणून हा मार्ग सुचवणारे हुशार लोक प्रत्येक गेट-टुगेदरला एक तरी भेटतातच.

रकाना बदलायचा एवढंच काम उरलं होतं, पण त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. आईंचा हात पुढे होईना. "एकदा लिहून दिलं म्हणजे झालंच की ते," असं त्या दोनतीनदा म्हणाल्या. ही माहिती फीच्या मदतीसाठी सरकारकडे आणि कॉलेजांकडे जाते, सोलापूरला सासूबाईंकडे जात नाही. हा कोर्टातला जबाबही नाही. हे मी समजावलं, पण त्याने काही हललं नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, मला शाळेत सगळ्यांना माहितीये." त्यानंतर आईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

आता दुसरा पेच. आईवडील वेगळे असतील तर अर्जात दोघांपैकी एकाचीच माहिती जाते. कोणाची? पूर्वी मूल वर्षात ज्याच्याकडे जास्त दिवस राहिलं त्याची जात असे. २०२४-२५च्या अर्जापासून नियम बदलला: गेल्या बारा महिन्यांत ज्याने मुलाचा खर्च जास्त उचलला त्याची. दोघांचं अगदी सारखं असेल तर ज्याचं उत्पन्न आणि मालमत्ता जास्त, त्याची. आणि त्या पालकाने दुसरं लग्न केलेलं असेल तर नव्या जोडीदाराचं उत्पन्नही त्यात येतं, मग त्या जोडीदाराने "मी का फी भरू?" असं कितीही म्हणो. जुन्या नियमावर विसंबून अजूनही कित्येक घरी अर्ज भरले जातात. थोरल्या भावंडाच्या वेळी असंच केलं होतं, म्हणून.

"आम्ही त्यांचं काही घेत नाही," आई ठामपणे म्हणाल्या. मी म्हटलं, तरी एकदा कागदावर मांडू. मुलीचा आरोग्य विमा कोणाच्या नोकरीतून? वडिलांच्या. फोन? त्यांच्याच फॅमिली प्लॅनवर. गाडीचा विमा? तोही. आई गप्प झाल्या. नवऱ्याकडून काही घेत नाही हा त्यांचा इतक्या वर्षांचा आधार, आणि मी एकेक ओळ लिहून तो काढून घेत होते. पण हे लिहिणं भाग होतं. कॉलेजचं एड ऑफिस, म्हणजे आर्थिक मदतीचा विभाग, कधीही कागद मागू शकतं, आणि अर्धवट सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना फार जड जाते.

मग आईंची बाजू लिहिली. किराणा, कपडे, शाळेचे आणि परीक्षांचे पैसे, दातांची ट्रीटमेंट, आणि बहीण नको म्हणत असताना दर महिन्याला तिच्या हातात ठेवलेले ४०० डॉलर. बेरीज केली तर आईंची बाजू चांगलीच जड निघाली. त्यांनी स्वतः पुन्हा एकदा बेरीज करून पाहिली.

इथे काकांनी हळूच विचारलं, "आमचा पगार धरतील का?" त्यांना नाही म्हणायचं नव्हतं, पण पोटात गोळा आलेला दिसत होता. मावशी, काका, मामा, आजी-आजोबा, कोणीही असो, कायद्याने दत्तक घेतलेलं नसेल तर फाफ्सासाठी ते पालक नाहीत. मूल त्यांच्या घरी वाढलं तरीही नाहीत. त्यामुळे काकांचा पगार अर्जात येत नाही, आणि मावशीने दिलेल्या आसऱ्यामुळे आईंचा वाटा कमीही होत नाही. तुलना फक्त आई आणि वडील यांच्यातच. याची दुसरी बाजूही आहे. आईवडील भारतात आणि मुलगा शिकायला मामाकडे, अशी घरं आपल्यात बरीच. तिथे मामाची माहिती भरून चालत नाही, भारतातल्या आईवडिलांचीच लागते. त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी खातं उघडता येतं आणि रुपयांतलं उत्पन्न डॉलरमध्ये बदलून भरता येतं. राहतं घर मालमत्तेत धरत नाहीत, पण भाड्याने दिलेला पुण्यातला फ्लॅट धरतात. तो विसरायची सवय बऱ्याच जणांना असते. (मुलगा एच-फोर व्हिसावर, म्हणजे आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर हे सगळं वाचायचा त्रास घेऊ नका, त्या व्हिसावर सरकारी मदत मिळत नाही, कॉलेज स्वतःच्या पैशातून काही देतं का ते विचारावं.)

तर फाफ्सा आईंच्या एकटीच्या माहितीवर गेला. तो २०२५-२६चा अर्ज, म्हणजे टॅक्स २०२३चा. दोन वर्षांचं हे अंतर ठरलेलंच असतं. एकटा पालक असेल आणि त्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २२५ टक्क्यांच्या आत असेल, तर पूर्ण पेल ग्रँट मिळते. त्या वर्षी ती ७,३९५ डॉलर होती. आई-मुलगी दोघींच्या घराला तीस हजार डॉलर त्या मर्यादेत सहज बसतात. वडिलांची संमती लागलीच नाही. नवराबायकोने टॅक्स एकत्र भरला असता तर आणखी एक पायरी वाढली असती: एकत्र रिटर्नमधून आईचा वाटा डब्ल्यू-टूवरून (नोकरीतल्या वार्षिक पगाराच्या कागदावरून) वेगळा काढून एड ऑफिसला दाखवावा लागला असता. वेगळं राहणाऱ्या जोडप्यांपैकी बरीच अजूनही एकत्र रिटर्न भरतात, म्हणून सांगून ठेवते.

पण मुलीला हवं होतं ते कॉलेज खासगी, आणि तिथे फाफ्साच्या जोडीला सीएसएस प्रोफाइल लागत होतं. हा कॉलेज बोर्डाचा वेगळा अर्ज. त्यातून कॉलेज स्वतःचे पैसे वाटतं, म्हणून नियमही त्याचे स्वतःचे. या कॉलेजला दुसऱ्या पालकाचीही माहिती हवी होती.

आईंनी कुठूनतरी ऐकलं होतं की दुसऱ्या पालकाच्या माहितीतून सूट मिळते. मिळते, पण कोणाला? वडिलांचा ठावठिकाणाच नाही, मारहाणीमुळे घर सोडलंय, कोर्टाने भेटायला बंदी केली आहे, अशांना. आणि त्यासाठी शाळेतला काउन्सेलर, डॉक्टर, समाजसेवक अशा बाहेरच्या माणसाचं पत्र लागतं, नातेवाइकाचं सहसा चालत नाही. इथे वडील दर रविवारी मुलीला फोन करत होते आणि तिचा विमा भरत होते. 'वडील नाही म्हणतात' हे कारण पुरेसं नसतं. आईंना ते अन्यायाचं वाटलं. मला वाटलं नाही. जो माणूस देऊ शकतो त्याने देऊ नये आणि कॉलेजने द्यावं, हे कॉलेजने का मानावं?

म्हणून वडिलांशी बोलणं भाग होतं. त्यांचं वाक्य मी मुलीकडून पुन्हा ऐकलं होतं: आकडे त्या घरात जाणार नाहीत. नकार पैशांना नव्हताच, आईने आकडे बघण्याला होता. सीएसएसमध्ये दुसऱ्या पालकाचं खातं वेगळं, अर्ज वेगळा, आणि तो थेट कॉलेजला जातो. आईला किंवा मुलीला त्यातलं काही दिसत नाही. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, कारण त्या घरात कोणाला माहीतच नव्हतं. मी मुलीला म्हटलं, तूच सांग, पण फोनवर आईचा विषय काढू नकोस आणि फी भरा असंही म्हणू नकोस. "बाबा, मला तुमचे आकडे नकोत. ते कॉलेजला हवेत, आणि फक्त कॉलेजलाच दिसतील." एवढंच.

त्यांनी भरला. आठवडाभर लावला, पण भरला.

पुढे जे झालं ते गोड शेवटासारखं नाही. खासगी कॉलेजने वडिलांचं उत्पन्न धरून मदत ठरवली आणि ती कमी निघाली. उरलेली रक्कम वडील देणार नव्हते, आईंना शक्य नव्हती. मुलगी राज्याच्या विद्यापीठात गेली. तिथे पेल, टॅग आणि विद्यापीठाची थोडी मदत मिळून फी जवळजवळ निघाली. ती काही दिवस रुसली होती. मी तिची समजूत घालायच्या भरीस पडले नाही.

आता ज्यांची गोष्ट याहून कठीण आहे त्यांच्यासाठी. आईवडिलांनी टाकून दिलंय, घरी जीवाला धोका आहे, संपर्क करणंच शक्य नाही, किंवा पालक तुरुंगात आहेत, अशा मुलांनी अर्जातल्या 'असामान्य परिस्थिती'च्या प्रश्नाला हो म्हणायचं. मग पालकांच्या माहितीशिवाय अर्ज पुढे जातो आणि एड ऑफिस पुरावे बघून निर्णय देतं. प्रवेश घेतल्यापासून ६० दिवसांच्या आत तो द्यायचा असतो. राहायला जागाच नाही, आज या मैत्रिणीकडे उद्या त्या, अशी अवस्था असेल तर त्याचा वेगळा प्रश्न आहे, आणि शाळेत बेघर विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या व्यक्तीचं पत्र तिथे चालतं. पालक चांगले कमावतात पण नुसतेच 'नाही' म्हणतात, किंवा मुलगा स्वतःच्या पायावर उभा आहे, एवढ्यावर मात्र त्याला स्वतंत्र विद्यार्थी, म्हणजे पालकांची माहिती न लागणारा, ठरवत नाहीत. अशा मुलाला एड ऑफिसच्या परवानगीने फक्त व्याज लगेच चालू होणारं सरकारी कर्ज मिळू शकतं, पहिल्या वर्षाला ५,५०० डॉलरपर्यंत. त्यात कॉलेज होत नाही, पण कम्युनिटी कॉलेजची सुरुवात होऊ शकते. अशा मुलांना मी तेच सुचवते.

अलीकडे आईंचा फोन आला होता. घटस्फोटाचा अर्ज करायचा ठरतंय, त्याने मुलीची मदत बंद होईल का, ही काळजी. अर्ज भरतानाची वैवाहिक स्थिती लिहायची असते. विभक्तच्या जागी घटस्फोटित होईल, तेवढ्याने फरक पडत नाही. पण कोर्टाने वडिलांना पोटगी लावली तर मुलीसाठी मिळालेली रक्कम अर्जात दाखवावी लागेल, आणि ती वडिलांच्या बाजूचा खर्च म्हणूनही धरली जाईल. म्हणजे दर वर्षी दोन्ही बाजूंची बेरीज नव्याने करायची, आणि वडिलांची बाजू जड निघाली तर पुढच्या अर्जात माहिती त्यांची जाईल. वकिलाला हे आधीच सांगा, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "आणि त्यांनी पुन्हा नाही म्हटलं तर?" त्यावर मी त्यांना सध्या एकच काम दिलं आहे: पोटगीचे आकडे ठरायच्या आधी, मुलीच्या कॉलेजचा खर्च कोण किती उचलणार आणि दर वर्षी अर्ज भरायला कोण बांधील राहणार, हे दोन्ही करारनाम्यात लिहून घ्यायचं.