टेबिटसाहेबांची परीक्षा आजोबांनी घ्यावी का?

वाचकांचे प्रश्न : उत्तरे ग्लासगोहून

प्रश्न : माझा मुलगा लेस्टरला स्थायिक आहे. नातू तिथेच जन्मला, आता बारा वर्षांचा आहे. 2025च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिकडे होतो. ओव्हलची कसोटी सगळे मिळून पाहत होतो आणि नातू इंग्लंडचा शर्ट घालून बसलेला. शेवटच्या सकाळी सिराजने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला, मी टाळ्या पिटल्या, आणि पोरगा डोळे पुसत जिना चढून गेला. मी म्हणालो, "अरे, आपण जिंकलो!" वरून उत्तर आलं, "तुम्ही जिंकलात आजोबा, आम्ही हरलो." घरी गणपती बसतो, शनिवारी मराठी शाळा असते, वरणभात आवडीने खातो, पण ऑलिम्पिक लागलं की तोंडात 'टीम जीबी', म्हणजे ग्रेट ब्रिटनचा संघ. सून म्हणते, सोडून द्या. सोडून द्यावं का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, आधी एक सांगा. त्याच सकाळी ख्रिस वोक्स निखळलेला खांदा झोळीत अडकवून, एका हातात बॅट घेऊन मैदानात उतरला. एकही चेंडू त्याच्या वाट्याला आला नाही, नुसता कळवळत धावा पळाला. तेव्हा तुमच्या तोंडून 'वा रे पठ्ठ्या' निघालं की नाही? मी सगळी नोकरी इथल्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून केली, निखळलेल्या खांद्याने पळणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी मूळची सांगलीची, भारत जिंकावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली, तरी त्या क्षणी खुर्चीतून उठले. अशा माणसाचा संघ सहा धावांनी हरल्यावर बारा वर्षांचं पोर रडलं, तर त्याला क्रिकेट कळतं एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते. 1990 साली नॉर्मन टेबिट नावाच्या हुजूर पक्षाच्या बड्या नेत्याने, थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळात काम केलेल्या गृहस्थाने, एका अमेरिकी वर्तमानपत्राला मुलाखत दिली. ब्रिटनमधले पुष्कळ आशियाई लोक क्रिकेटच्या परीक्षेत नापास होतात, ते कोणासाठी ओरडतात ते बघा, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हापासून इकडे 'क्रिकेट टेस्ट' म्हटलं की पाच दिवसांच्या सामन्याआधी टेबिट आठवतो. आपल्या लोकांना ते फार लागलं आणि लागायलाच हवं होतं. पण काका, तुम्ही दिवाणखान्यात बसून तीच परीक्षा घेताय, फक्त बरोबर उत्तराची खूण दुसऱ्या रकान्यात केलीत. टेबिटने तुमच्या मुलाला नापास केलं असतं, तुम्ही नातवाला करताय. त्या घराण्यात पास व्हायचं कोणी?

गंमत म्हणजे ही परीक्षा टेबिटने इथे स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोत घेतली असती तर अख्खं शहर नापास झालं असतं. आमच्या विभागात एक सहकारी होता. 11 जुलै 2021 ला युरो फुटबॉलची अंतिम लढत होती, वेम्बलीवर, इंग्लंडविरुद्ध इटली. हा गडी इटलीचा निळा शर्ट घालून पबमध्ये. इटली पेनल्टींवर जिंकली तेव्हा रस्त्यावर असा नाचला, जणू त्याची आजी रोमची. त्याच महिनाअखेरीस टोकियो ऑलिम्पिक सुरू झालं. ग्लासगोत जन्मलेला डंकन स्कॉट पोहत होता, रिलेत त्याच्या जोडीला इंग्लंड-वेल्सचे पोहणारे होते, आणि आमचा गडी 'टीम जीबी'साठी घसा फोडत होता. विसंगती त्याला दिसत नव्हती असं नाही. त्याला तिची फिकीर नव्हती.

टेनिसपटू अँडी मरेचं उदाहरण तर इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनचा मुलगा. 2006च्या फुटबॉल विश्वचषकाआधी कोणीतरी विचारलं, पाठिंबा कोणाला? तो थट्टेत म्हणाला, इंग्लंड ज्यांच्याशी खेळेल त्यांना. पुढे कित्येक वर्षं ते वाक्य त्याच्या मानगुटीवर बसलं. जिंकला की ब्रिटिश, हरला की स्कॉटिश, हा त्याच्यावरचा जुना विनोद. 2012 साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात फेडररकडून हरून तो सगळ्यांसमोर रडला, आणि महिन्याभरात त्याच सेंटर कोर्टवर त्याच फेडररला हरवून त्याने ब्रिटनसाठी ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. पुढच्या वर्षी विम्बल्डनही जिंकलं. 1936च्या फ्रेड पेरीनंतर पहिला ब्रिटिश पुरुष. त्या दिवशी लंडनच्या एकाही वर्तमानपत्राला तो स्कॉटिश आहे याची अडचण झाली नाही.

म्हणजे इथले मूळ रहिवासीसुद्धा एका वेळी दोन-दोन झेंडे बाळगतात. मग आपल्याच पोरांनी एकच निवडून दाखवावा, हा हट्ट कशाला?

दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर सून म्हणेल मी तिचीच वकिली केली. इंग्लंडचा शर्ट घातला की इंग्लंड आपलं म्हणतं, असं नेहमी होत नाही. त्याच युरो अंतिम लढतीत रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. तिघंही कृष्णवर्णीय, तिघंही इंग्लंडमध्येच जन्मलेले. त्या रात्री समाजमाध्यमांवर त्यांना जी वंशद्वेषी गरळ ऐकून घ्यावी लागली ती इथे छापण्यासारखी नाही. मँचेस्टरच्या विदिंग्टन भागातलं रॅशफर्डचं भित्तिचित्र कोणीतरी खराब केलं. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्यांनी, त्यात लहान मुलं पुष्कळ, चिठ्ठ्या आणि कागदी हृदयं चिकटवून ती भिंत झाकून टाकली. दोन्ही इंग्लंडच. तुमचा नातू या दोन्हींत वाढतोय. शाळेत कधीतरी त्याला कोणी 'तू खरा कुठला' असं विचारलं असेलच. मग घरी आल्यावर आजोबांनीही तेच विचारायचं?

आपल्या माणसांनीच इंग्लंडची टोपी घालायची, हे काही आजचं नाही. थोरले पतौडी 1932-33च्या त्या बदनाम बॉडीलाइन मालिकेत इंग्लंडकडून सिडनीला पदार्पणात शतक ठोकून गेले, आणि 1946 साली भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडच्या दौऱ्यावर आले. नासिर हुसेन मद्रासचा. इंग्लंडचा कर्णधार असताना 2001 साली त्याने तक्रारच केली होती की इथे वाढलेली आशियाई मुलं इंग्लंडला पाठिंबा का देत नाहीत. आणि माँटी पानेसर! ल्यूटनमध्ये जन्मलेला शीख मुलगा, 2006 साली आपल्या नागपुरात पदार्पण करतो, पहिलाच बळी सचिनचा घेतो, आणि नंतर तोच चेंडू घेऊन सचिनकडे सही मागायला जातो. सहा वर्षांनी वानखेडेवर याच पानेसरने सामन्यात अकरा बळी घेऊन आपल्याला लोळवलं, सचिनला दोन्ही डावांत बाद केलं. तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या, हे कबूल. पण त्याने कोणाशी बेइमानी केली, असं मनातही आलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. उद्या पोरगा खरोखरच चांगला खेळू लागला, तर ब्रिटिश पासपोर्टवर त्याला भारताकडून खेळता येणार नाही. त्याला भारतीय पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. म्हणजे त्याच्यापुढे दार एकच आहे, आणि तो त्या दारातून आनंदाने जातोय.

त्याला बदलायच्या भानगडीत न पडता गोष्टी सांगा. ज्या ओव्हलवर तो रडला, तिथेच 1971 साली अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली आपली पहिली कसोटी जिंकली. चंद्रशेखरने 38 धावांत सहा बळी घेतले. गणेश चतुर्थी त्याच दिवसांत आली होती, म्हणून आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानात फिरवली. लेस्टरमधल्या बारा वर्षांच्या मुलाला हत्तीची गोष्ट आवडणार नाही, असं होणं शक्य नाही. आणि पुढच्या मालिकेत पैज लावा. हरेल त्याने भांडी घासायची.

प्रश्न : ब्रिटन ऑलिम्पिकला एक संघ पाठवतं, फुटबॉलला चार, क्रिकेटला 'इंग्लंड'. नक्की देश किती?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : राज्य एक, देश चार, आणि खेळ या घोळापेक्षा जुने. पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना 30 नोव्हेंबर 1872 ला इथेच ग्लासगोत झाला, स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंड, तोही एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर. गोल शून्य-शून्य. फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना जन्मली 1904 साली. आधी आलेल्यांना 'आता एक व्हा' कोण सांगणार? ऑलिम्पिकचा नियम मात्र एका राज्याला एक समिती, म्हणून तिथे एकच संघ. 2012 ला लंडनमध्ये पुरुषांचा संयुक्त फुटबॉल संघ उतरवला, वेल्सचा रायन गिग्स कर्णधार, पण स्कॉटलंडचा एकही खेळाडू नव्हता. इथल्या संघटनेला धास्ती होती की एकदा एकत्र खेळलो तर फिफातलं आपलं स्वतंत्र आसन जाईल. तो संघ उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून पेनल्टींवर हरला, कार्डिफमध्ये.

क्रिकेटमधला 'इंग्लंड' म्हणजे इंग्लंड आणि वेल्स. 2005च्या ॲशेसमध्ये ऑस्ट्रेलियाला सळो की पळो करणारा सायमन जोन्स वेल्सचा होता. आयर्लंडचा पेच त्याहून अवघड. रग्बी आणि क्रिकेटमध्ये अख्खं बेट एक, फुटबॉलमध्ये दोन. उत्तर आयर्लंडच्या खेळाडूला ऑलिम्पिकसाठी ब्रिटन की आयर्लंड हे स्वतः ठरवता येतं. गोल्फपटू रोरी मॅकिलरॉयने ही निवड लादली जाते म्हणून उघड चिडचिड केली होती. 2016 ला झिका विषाणूचं कारण सांगून तो गेलाच नाही, टोकियोला आयर्लंडकडून खेळला. त्याला 'देशद्रोही' म्हणणारे दोन्हीकडे भेटले. प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घे, आयुष्यभर पुरेल.

प्रश्न : मी नुकतंच ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, राजाच्या निष्ठेची शपथही घेतली. आता एजबॅस्टनला भारताचा शर्ट घालून जाणं अप्रामाणिक ठरेल का?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : शपथेत राजे चार्ल्स आहेत, त्यांचे वारस आहेत, कायदा आहे, लोकशाही मूल्यं आहेत. इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स कुठेही नाही. एजबॅस्टनला भारताच्या सामन्यात तुमच्यासारखे निळ्या शर्टातले इतके असतात की इंग्लंडच्या खेळाडूंनाच परदेशी आल्यासारखं वाटावं. निर्धास्त जा. फक्त हॉलीज स्टँडचं तिकीट काढलं असेल तर शर्टावरून घालायला रेनकोट न्या, तिथे डोक्यावर छप्पर नाही.