पातेलं एकच ठेव

प्रिय मुला,

तुझा मेसेज वाचून रात्री झोप लागली नाही. मुलांना पास्ता, आईला भाकरी-भाजी, बायको ड्यूटीवरून आली की तिला काहीतरी हलकं, आणि तू स्वतः उभ्याउभ्या जे उरेल ते. संध्याकाळी ऑफिसातून आलास की झोपेपर्यंत ओट्यापाशी. वर विचारतोस, "मावशी, पास्त्याच्या सोप्या रेसिपी पाठव ना, आणि ते घरी पास्ता करायचं मशीन घेऊ का?"

रेसिपी खाली देते. पण तुझं दुखणं रेसिपीचं नाही रे. तू रोज रात्री तीन घरांचा स्वयंपाक करतोयस. तेव्हा माझं एकच म्हणणं नीट ऐक: रात्री पातेलं एकच. त्यात जे शिजेल ते आई, बायको, मुलं आणि तू, सगळ्यांसाठी. रेसिपी याच्यानंतर.

पास्ता म्हणजे मुलांचे लाड, हे तुझ्या डोक्यात कुठून शिरलं ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे तो हॉटेलातून आला, पांढऱ्या सॉसात बुडून, चीजखाली दडपून. म्हणून आईला तो जेवण वाटत नाही. जिथला आहे तिथे, इटलीत, तो साधं साठवणीचं खाणं. 1154 साली अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने सिसिली बेटावरच्या, पालेर्मो शहराजवळच्या त्राबिया गावाबद्दल लिहून ठेवलंय की तिथे हा पिठाचा सुकवलेला पदार्थ भरपूर होतो आणि जहाजं भरभरून बाहेर जातो. वाळवून ठेवायचा, लागेल तेव्हा उकळायचा. आपल्या शेवया, गव्हले, नखुले, बोटवे आणखी काय आहेत? आईला सांग की हा बन्सीसारख्या कडक गव्हाचा रवा आहे. इटलीत 1967 साली कायदाच झाला की सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करायचा. आपला बन्सी हा ड्युरमच. पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं वाच. ड्युरम रवा लिहिलं असेल तर घे, मैदा लिहिला असेल तर ठेव जागेवर. मैद्याचा पास्ता दोन मिनिटं जास्त झाला की लगदा होतो, आणि मग आई म्हणते ते खरंच ठरतं.

आता पातेलं. मोठं घे. चार माणसांना साधारण 320 ग्रॅम पास्ता, त्याला सव्वातीन लिटर पाणी. इटलीत हिशोब असा की 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. तुझ्या आईला बीपी आहे, तू मीठ निम्मं घाल. पाण्यात तेल घालू नकोस. पास्ता गाळल्यावर नळाखाली धरू नकोस. आणि गाळायच्या आधी वाडगाभर पाणी काढून ठेव. ते गढूळ पाणी म्हणजे पास्त्यातून सुटलेला स्टार्च. तेल आणि पाणी एरवी एकमेकांना धरत नाहीत, या पाण्यामुळे धरतात, आणि क्रीमशिवाय सॉस दाट होतो. तू आजवर हे मोरीत ओतत आलास आणि बाजारातून पांढऱ्या सॉसची पाकिटं आणत आलास. मला राग येतो तो याचा.

इटलीतल्या घरांनी एका पातेल्याचा विचार आपल्या आधी करून ठेवलाय. जेनोवाला हिरव्या पेस्तोचा, म्हणजे बेसिल या तुळशीच्या बहिणीची पानं, लसूण, चिलगोजे, चीज आणि तेल वाटून केलेल्या कच्च्या चटणीचा पास्ता करतात, तेव्हा बटाटा आणि फरसबी पास्त्याच्याच पाण्यात शिजते. बटाट्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आधी टाक, पाचेक मिनिटांनी फरसबी आणि पास्ता एकदम. सगळं एकत्र गाळ. पेस्तो मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरव, सलग फिरवलास तर पानं गरम होऊन काळी पडतात. आपली तुळस वापरू नकोस, तिला लवंगेसारखा उग्र वास असतो. सब्जाचं बी कुंडीत पेर, बेसिल त्याच जातीचं, चव थोडी इकडेतिकडे. चिलगोजे महाग, अक्रोड किंवा शेंगदाणे घाल. चीज परवडलं तर घाल. पेस्तो मात्र गॅसवर चढवायचा नाही, त्या गढूळ पाण्यानेच सैल करायचा. भाजी, भात आणि चटणी म्हणून आई जे मागते ते सगळं या एका ताटात आलं. वेगळी भाजी कशाला हवी?

तिकडे दक्षिणेला, पुलियात, कडवट पालेभाजी आणि कानाच्या आकाराचा पास्ता एकाच पाण्यात उकळतात. तू मेथी घे, थंडीत मुळ्याचा पाला घे. शंखांचा पास्ता चालेल. वर चीजऐवजी शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून भुरभुरायचा, गरिबांच्या घरातली युक्ती आहे ती. मुलं त्या चुऱ्यासाठी मेथी खातात, मी पाहिलंय.

तिसरा, हरभऱ्याचा. काबुली चणे सकाळी भिजत घाल, आल्यावर कुकरला लाव. लसूण, एक टोमॅटो, मूठभर चणे डावाने चेपलेले, पाणी, आणि त्यातच बारीक पास्ता शिजायला सोडायचा. रोममध्ये हे पोट भरायचं साधं जेवण आहे. आईला हे वरणफळांच्या अगदी जवळचं वाटेल. सुरुवात याच्यापासून कर.

आणि ज्या दिवशी अंगात त्राणच नसेल त्या दिवशी नुसता लसूण. पण घाई करू नकोस. तेल थंड असतानाच लसणाचे काप त्यात सोड आणि गॅस अगदी बारीक ठेव. आधी काही होत नाही. मग कापांच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, घरभर वास सुटतो, कडा फिक्या सोनेरी होतात. तिथे डावभर पास्त्याचं पाणी ओत. चुर्र होईल, लसूण तिथेच थांबेल. आणखी अर्धं मिनिट थांबलास तर तो तपकिरी होतो, कडू होतो, आणि त्याला काही उपाय नाही, सगळं टाकून पुन्हा कर. पाणी ओतल्यावर पास्ता टाकून कढई हलवत राहा. तेल-पाण्याचं मिळून दुधट होईल, पास्त्याला चिकटेल. मिरचीचे तुकडे शेवटी, मुलांचं ताट वाढून झाल्यावर.

हेच बघ, एका पातेल्यात सगळ्यांचं भागवायचं म्हणजे काय ते. पातेलं एक, पण काढायची वेळ वेगळी. तुमचा पास्ता दाताखाली जरा कण लागेल असा काढ, आईचा वाटा त्याच पाण्यात दोन मिनिटं जास्त राहू दे. आईची कवळी आहे, तर लांब दोऱ्यांसारख्या स्पगेटीच्या वाटेला जाऊ नकोस, नळ्यांची पेन्ने किंवा पिळाची फुसिली आण, चमच्याने खाता येते. चातुर्मासात ती कांदा-लसूण खात नाही, तर चार महिने टोमॅटोचा कर: अर्धा किलो टोमॅटो किसणीवर किसायचे, साल हातात राहतं ते फेकायचं, तेलात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, आपले टोमॅटो आंबट म्हणून गुळाचा खडा. हवं तर गाजर किसून घाल. लसूण नसला तरी त्यात काही कमी पडत नाही. बायको उशिरा येते, तिचा सॉस बाजूला ठेव, पास्ता ती आल्यावर टाक. दहा-बारा मिनिटं लागतात, तोवर तिचे हातपाय धुऊन होतात.

मी एवढी हट्टाने का सांगते ते तुला तुझ्या आईने कधी सांगितलं असेल, नसेल. मी दुपारच्या शाळेत शिकवायचे, लोकलने घरी यायला सात वाजायचे, आणि आमचे हे शिफ्टला. वर्षानुवर्षं मी दोन-दोन स्वयंपाक केले. मुलं आधी टीव्हीसमोर, सासरे त्यांच्या वेळेला पाटावर, हे रात्री उशिरा, आणि मी सगळ्यांचं आवरल्यावर. घरात सहा ताटं, एकही दुसऱ्याच्या शेजारी नाही. सासऱ्यांना गोष्टी किती यायच्या, ते मला माझ्या मुलांकडून फार उशिरा कळलं. कारण मुलं त्यांच्यासोबत जेवायला लागली तीच फार उशिरा. त्या वर्षांचं मला वाईट वाटतं. पुढेही वाटत राहील.

मग एके दिवशी मी ठरवलं आणि मॅकरोनी केली, सगळ्यांसाठी. सासरे ताटावरून उठले. दूध-पोहे खाऊन झोपले. नणंदेचा फोन आला की म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवतेस. मी भाकरी टाकली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या खेपेलाही नाही. लोक मला काय काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. पुढे सासऱ्यांनीच एकदा माझ्या मुलीला सांगितलं, "तुझ्या आईला म्हणावं, माझा जरा मऊ ठेव." ही दोन मिनिटं जास्त ठेवायची रीत तिथून आली. माझी मुलगी अजून म्हणते की आई, तू आजोबांशी कठोर वागलीस. वागले असेन. पण शेवटची काही वर्षं त्यांचं ताट नातवंडांच्या शेजारी होतं, आणि ते माझ्या कठोरपणामुळे होतं, कुणाच्या समजूतदारपणामुळे नव्हे. मी मुलीलाही हेच सांगते, आणि तिला ते पटलं नाही तरी मी बदलणार नाही.

मशीन घेऊ नकोस. रोजच्या रात्रीसाठी तर नाहीच. ताजा पास्ता हवाच असेल तर रविवारी मुलांना बसव. उत्तर इटलीतल्या एमिलियात 100 ग्रॅम पिठाला एक अंडं घेतात. तुमच्याकडे अंडं चालत नसेल त्या दिवशी दक्षिणेची रीत धर: बारीक बन्सी रवा आणि कोमट पाणी, घट्ट मळून झाकून ठेव. तिकडच्या बारी शहरात बायका दारात बसून सुरीच्या टोकाने आणि अंगठ्याने त्याचे कान वळतात. आईला ते पीठ दे. जिने रुखवताचे गव्हले वळलेत तिला तुला काही शिकवावं लागणार नाही, तीच तुला शिकवेल. पण बुधवारी संध्याकाळी पाकीटच फोड. त्यात कमीपणा कसला?

आईचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, आणि तिच्याशी वादही घालू नकोस. तिला पहिलं ताट वाढ, मऊ, गरम, वर साजूक तुपाची धार. जेनोवाच्या लोकांना आवडणार नाही, पण ते तुझ्या घरी जेवायला येणार नाहीत. ती नाही जेवली तर दही-भात तिचा तिने घ्यावा, भात डब्यात असू दे. तू उठून तवा ठेवायचा नाहीस. इथे तू ढिला पडलास की पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन स्वयंपाक. बायको काही बोलली तर तिलाही हेच सांग. पातेलं एकच.

तुझी,
मावशी

ता. क. उरलेला पास्ता टाकू नकोस. सकाळी दोन-तीन अंडी फेटून त्यात कालव, मीठ-मिरी घाल, तव्यावर जाड थापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाज. नेपल्सकडे ही वडी सहलीला बांधून नेतात. मुलांच्या डब्यात थंड झाली तरी चांगली लागते. टोमॅटोचा उरला असेल तर अंडं एक जास्त घाल, नाहीतर उलटताना मोडते.