वाचक विचारतात : तापवणाऱ्या यंत्रांत ट्रिटियम शिरते कसे?

प्रश्न : फ्रान्समधील ‘इटर’ या अणुसंमीलन प्रकल्पाविषयी वाचताना, प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) तापवणाऱ्या उपकरणांनाही ट्रिटियम या किरणोत्सर्गी हायड्रोजन इंधनाची बाधा होऊ शकते असे समजले. इंधन निर्वात पात्रात असते, मग बाहेरची उपकरणे दूषित कशी होतात? त्यावर उपाय काय?
— भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, चेंबूर

उत्तर : ही उपकरणे बाहेर असली, तरी त्यांतली काही पात्राला थेट उघडी असतात. तटस्थ (विद्युतभार नसलेल्या) अणूंच्या झोताने प्लाझ्मा तापवताना वाटेत कोणताच पडदा ठेवता येत नाही, कारण ‘इटर’साठी योजलेले १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे अणूही त्यात अडकतील, आणि ज्या वाटेने झोत आत जातो, त्याच वाटेने ट्रिटियम उलट बाहेर येते. तेथे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेले, सक्रिय कोळशाचा थर दिलेले पत्रे ते धरून ठेवतात. ठरावीक काळाने झडप बंद करून पत्रे तापवतात आणि सुटलेला वायू शुद्धीकरणाकडे पाठवतात. म्हणजे येथे प्रवेशबंदी शक्य नसते; हिशेब मात्र चोख ठेवावा लागतो.

प्लाझ्मा सूक्ष्मलहरींनीही तापवतात; त्यांचे काम सोपे. त्यांच्या मार्गात कृत्रिम हिऱ्याची चकती बसवता येते. लहरी तिच्यातून जातात, वायू अडतो.

खरी कसोटी दुरुस्तीच्या वेळी लागते. ट्रिटियम हे हायड्रोजनच असल्याने पोलादात मुरते, आणि भाग तापवून बरेचसे बाहेर काढले तरी थोडे उरतेच. अशा भागाला आपल्याकडच्या जुलैसारखी दमट हवा लागली, तर ते बाष्पाशी अदलाबदल करून ट्रिटियमयुक्त पाणी बनते, आणि ते वायूपेक्षा कितीतरी अधिक घातक असते, कारण श्वासावाटेच नव्हे तर त्वचेतूनही शरीरात शिरते. म्हणून कामाच्या जागेतला दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात आणि तिथली हवा उत्प्रेरकावरून नेऊन ट्रिटियमचे पाणी करतात व ते टिपून घेतात.

ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे असतात की किरणोत्सर्ग मोजणाऱ्या नेहमीच्या गायगर गणकाला ते कळत नाहीत. त्यामुळे पृष्ठभाग पुसून घेतलेले नमुने किरणोत्सर्गाने चमकणाऱ्या द्रवात घालून मोजतात आणि कामगारांच्या लघवीची तपासणी करतात. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही ट्रिटियम तयार होत असल्याने, तुमच्या शेजारच्या ट्रॉम्बेतील भाभा अणुसंशोधन केंद्राला हे तंत्र नवखे नाही. शरीरात गेलेले ट्रिटियमयुक्त पाणी साधारण दहा दिवसांत निम्मे होते. भरपूर पाणी प्यायल्यास त्याहून लवकर.