वाचक विचारतात: सिग्नल फुल्ल, मग एक नंबर कोण?

प्रश्न: मी विडी घरकुलात राहते. आमच्याकडं दिवसभर रेडिओ चालू, हात विडीत अन् कान रेडिओत. इथं सगळे एफएम खणखणीत लागतात, पण माहेरी पंढरपूरकडं गेलं की नुसती खरखर. तरी जो तो म्हणतो आम्हीच एक नंबर! ज्याचा सिग्नल तगडा तोच पुढं असतो का ओ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, अर्धं बरोबर आहे तुमचं. एफएमची लाट जवळजवळ सरळ रेषेत जाते, त्यामुळं टॉवर १०० मीटर उंच असला तर सपाट रानात साधारण ४१ किलोमीटरपर्यंत तिची नजर पोचते. म्हणजे मोहोळपर्यंत ठीक, पंढरपूर मात्र ७० च्या आसपास, तिथं खरखर येणारच. अन् नुसती पॉवर दुप्पट केली म्हणून अंतर दुप्पट होत नाही, टॉवरची उंची जास्त कामाला येते, अन् तीसुद्धा चौपट केली तेव्हा कुठं अंतर दुप्पट होतं. त्यामुळं मोहोळच्या पुढं कोण ऐकलं जाणार हे बहुतेक टॉवरच ठरवतो.

पण शहरात गणित वेगळं. रेटिंगमध्ये दोन गोष्टी बघतात, किती लोकांनी लावलं अन् किती वेळ लावून ठेवलं. विडी घरकुलात सगळ्यांचाच सिग्नल फुल्ल, मग तिथं सिग्नलचं काय कौतुक? तिथं कार्यक्रमच बघितला जातो. तुम्ही सकाळी सूप मांडीवर घेऊन बसता ते हजार विड्या होईपर्यंत उठत नाही, एवढा वेळ एकच स्टेशन चालू राहिलं तर त्याच्या खात्यात किती तास पडले बघा. जाहिराती लांबल्या, तीच चार गाणी फिरून फिरून आली की शेजारीण हात पुसून बटण फिरवतेच. गाणी तर सगळ्यांकडं सारखीच असतात, अन् खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावता येतात. मग उरतं काय, तर बोलणारा माणूस. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत कुठला रस्ता बंद आहे ते सांगणारा, मधीच दोन शब्द तेलुगूत टाकणारा निवेदक असला की तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात घराघरात तोच वाजतो, हे माझं मत, पण कुठल्याही गल्लीत चक्कर मारून बघा.

आता एक नंबरचं. २००७ साली रॅम नावाची मोजणी सुरू झाली, त्यात लोकांना डायरी देऊन काय ऐकलं ते लिहायला सांगायचे. पण ती मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, कोलकात्यापुरती, सोलापूर त्यात नव्हतंच. अन् डायरीत माणूस आठवेल तेच नाव लिहिणार ना, म्हणून तर दर गाण्यामागं स्टेशनचं नाव कानावर आदळतं. इथं कुणी एक नंबर म्हटलं की विचारायचं, कुठल्या सर्व्हेत, कुठल्या वयात, किती ते किती वाजता? सकाळी ७ ते ११ चा एक नंबर अन् दिवसभराचा एक नंबर यात लई फरक आहे.

माहेरी मोबाईलवर ऐकत असाल तर इयरफोनची वायर गुंडाळून ठेवू नका, तीच अँटेना असते, साधारण पाऊण मीटर सरळ लांब सोडा अन् गच्चीवर जा. सेटिंगमध्ये स्टिरिओ बंद करून मोनो करता आलं तर तेही करा, खरखर बरीच कमी होते.