विजेचा खांब फ्रेममध्ये राहू दे

प्रश्न: मला डोंगर, शेतं, धरणाचा परिसर असे फोटो काढायला आवडतात, पण ब्लॅक अँड व्हाइट केले की गवत आणि माती एकाच राखाडी रंगाची दिसतात, काय कुठे संपतं कळतच नाही. शिवाय विजेचे खांब आणि तारा मध्ये येतातच. एडिट करून काढून टाकू का?

उत्तर: आधी खांबाचं बोलू. काढू नका हो! १९७५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये 'न्यू टोपोग्राफिक्स' नावाचं प्रदर्शन भरलं होतं, विषयच माणसाने बदललेली जमीन, १० फोटोग्राफर आणि त्यात रंगीत फोटो एकट्या स्टीफन शोरचे. रॉबर्ट अ‍ॅडम्सने कोलोरॅडोतल्या नव्या वसाहती टिपल्या. जो डीलने तर उंचावरून कॅमेरा खाली रोखून क्षितिजच कापलं, म्हणजे आकाश नाहीच, नुसती घरं, उकरलेली माती आणि खुरटी झुडपं, आणि तेवढ्यातच सगळं कळतं की इथे कोणी काय केलंय. मला स्वतःला त्याचेच फोटो जास्त आवडतात. खांब पुसला की उरतं ते कॅलेंडरवरचं चित्र. फक्त दोन पावलं इकडेतिकडे सरकून बघा, तार डोंगराच्या कडेवरून आडवी जात असेल तर दोन्ही रेषा एकमेकींत अडकतात.

आता राखाडीचं. डोळ्याला हिरवं आणि तपकिरी वेगळं दिसतं ते रंगामुळे, उजेड दोघांचा जवळपास सारखाच असतो, मग रंग गेला की दोघं एक होणारच. रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) फोटो काढा, त्यात रंगांची माहिती शिल्लक राहते, आणि एडिटिंगमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल-नारिंगी स्लायडर वर न्या, तांबूस माती उजळते. गवतासाठी पिवळा स्लायडर हलवून बघा, गवतात पिवळा भरपूर असतो त्यामुळे नुसत्या हिरव्याने बऱ्याचदा फारसं काही होत नाही. पण खरं काम उन्हाचं. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नांगराच्या प्रत्येक सरीला आणि बांधाला सावली पडते, भर दुपारी तेच शेत सपाट दिसतं, मग कितीही स्लायडर ओढा.

फिल्म वापरत असाल तर लाल फिल्टर लावा, माती उजळ, गवत गडद, निळं आकाशही काळपट. मात्र २५ नंबरच्या लाल फिल्टरला साधारण ३ स्टॉप एक्स्पोजर वाढवावं लागतं, म्हणजे फिल्मला आठपट उजेड द्यावा लागतो, तेव्हा ट्रायपॉड घेऊनच निघा.