जुलाब होतात म्हणून गोळ्या बंद करू का?

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला जुलाब सुरू झाले की समुपदेशनात बहुधा दोनच प्रश्न येतात : आजार वाढला का, आणि या गोळ्यांनीच पोट बिघडते का? दोन्ही शंका अगदीच निराधार नाहीत. सीडी४ पेशी (शरीराला संसर्गाशी लढायला मदत करणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी) फार कमी झालेल्या असतील तर एरवी काही दिवसांत आटोक्यात येणारा पोटाचा संसर्ग महिनोन्महिने रेंगाळू शकतो. तसेच काही एआरटी औषधांनी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्यांनी, विशेषतः ती नव्याने सुरू केल्यावर, शौचास पातळ होते. परंतु ज्या ताईंविषयी येथे लिहीत आहे (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत), त्यांच्या बाबतीत यांपैकी एकही कारण लागू पडत नव्हते.

ताई अनेक वर्षे नियमित एआरटी घेत होत्या. औषधांत अलीकडे बदल झालेला नव्हता, रक्तातील विषाणू चाचणीत आढळणार नाहीत इतके कमी होते आणि सीडी४ही समाधानकारक होत्या. तरीही त्यांना पुन्हा पुन्हा जुलाब होत होते, वजन उतरले होते, आणि एके दिवशी त्यांनी विचारले, “मॅडम, थोडे दिवस गोळ्या बंद ठेवून बघू का? पोटाला जरा आराम मिळेल.” डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही, हे मी आधी स्पष्ट केले, कारण गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो, औषधांना दाद न देणारा होण्याची भीती असते, आणि जुलाबांचे मूळ दुसरीकडे असेल तर तेही थांबत नाहीत. डॉक्टरांनी शौचाची तपासणी करून उपचार दिले. पण हे वरचेवर का होते, याचे उत्तर घरातल्या सवयींतच शोधावे लागणार होते.

“घरी स्वच्छता पाळता का?” असे मी सहसा विचारत नाही. त्यावर सगळेच ‘हो’ म्हणतात आणि ते खोटेही नसते. त्याऐवजी मी सकाळी उठल्यापासूनचा अख्खा दिवस सांगायला लावते. ताईंचे ऐकताना वाटले, इतकी स्वच्छता क्वचितच कोणी पाळत असेल : स्वतःचे ताट, वाटी, पेला वेगळे, ते उकळत्या पाण्याने विसळून निराळ्या फळीवर ठेवायचे, शौचालयात आपण गेलो की दर वेळी जंतुनाशक ओतायचे. आपल्यामुळे घरच्यांना काही होऊ नये, एवढाच त्यामागे हेतू होता. वास्तविक भांड्यांतून, एकत्र जेवण्याने किंवा शौचालय वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही. इतरांना स्वतःपासून जपण्यात त्या झिजत होत्या. स्वतःच्या पोटात काय जाते, याकडे मात्र त्यांचे लक्षच नव्हते.

मग पिण्याचे पाणी कसे घेता, ते करून दाखवायला सांगितले. त्यांनी टेबलावरचा पेला उचलून पातेल्यात बुडवल्यासारखा केला. समोर खरोखर पाणी असते तर चारही बोटे दुसऱ्या पेरापर्यंत भिजली असती. घरात पाणी रोज उकळले जात होते, पण रुंद तोंडाच्या पातेल्यात ठेवले जात होते आणि प्रत्येक जण असाच पेला बुडवत होता. उकळलेल्या पाण्यात क्लोरीनसारखे मागे उरणारे संरक्षण नसते, त्यामुळे एका हाताचे जंतू दिवसभर सगळ्यांच्या पोटात जाऊ शकतात. त्यातून तो हात नातवाचे लंगोट बदलणारा! साबण न्हाणीघरात असल्याने त्या हात नुसते नळाखाली धरत आणि त्याच हातांनी बाळाला भरवत, स्वतः जेवत. “तान्ह्या बाळाची शी ती, तिची कसली घाण?” असे त्या हसून म्हणाल्या. हा समज मला फार ठिकाणी भेटतो. बाळाच्या शौचातही मोठ्या माणसांना आजारी पाडणारे जंतू असू शकतात. विचारल्यावर कळले की घरात इतरांचेही पोट अधूनमधून बिघडत होते. त्याची दखल कोणी घेत नसे; ताईंचे बिघडले की मात्र ते थेट एचआयव्हीच्या खाती जमा होई.

बदल साधेच ठरवले. साबणाची वडी नळाजवळ आली. शौचानंतर, लंगोट बदलल्यावर आणि स्वयंपाक करण्यापूर्वी, जेवण्या-भरवण्यापूर्वी बोटांच्या बेचक्या व नखांखालचा भाग चोळत २० सेकंद तरी हात धुवायचे. सॅनिटायझर येथे साबणाची जागा घेऊ शकत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा एचआयव्हीत विशेष छळणारा परजीवी अल्कोहोलला आणि पाण्यात नेहमी घालतात तेवढ्या क्लोरीनलाही दाद देत नाही. उकळण्याने तो मरतो, म्हणून पाणी खळखळून किमान १ मिनिट उकळावे, झाकून गार करावे आणि तोटीच्या भांड्यातून किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. युगांडात एचआयव्हीबाधितांच्या घरी पाण्यासाठी क्लोरीन आणि सुरक्षित साठवणुकीचे भांडे दिल्यावर जुलाबांचे प्रसंग सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते.

खरी अडचण निराळीच होती. सुनेला ताईंच्या एचआयव्हीविषयी माहिती नव्हती आणि अचानक एवढे नियम का, या प्रश्नाला उत्तर काय द्यावे, ही त्यांची धास्ती होती. पण बाळाचे जुलाब हे पुरेसे आणि पूर्णपणे खरे कारण घरातच होते. त्या कारणाने सुनेने स्वतःच तोटीचे भांडे आणले. कोणाला कधी सांगायचे, हा निर्णय ताईंकडेच राहिला.

त्यानंतर जुलाब वरचेवर होणे थांबले. मध्ये एकदा झाले, तेव्हा त्यांनी गोळ्या चालू ठेवून ओआरएस घेतले. पुडी हाताशी नसेल तर १ लिटर सुरक्षित पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे आणि उरलेले २४ तासांनी टाकून द्यावे. शौचात रक्त, ताप, फार कमी लघवी, गोळी घेतल्यावर लगेच उलटी किंवा दोन दिवसांत उतार न पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये, आणि जुलाब रोखणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. सीडी४ कमी असतील त्यांनी तर दोन दिवसही वाट न पाहता एआरटी केंद्र गाठावे.