वाचक विचारतात: कोडमध्ये नसलेला भागाकार

प्रश्न: तीसेक वर्षांपूर्वी टर्बो पास्कल ७ या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवतोय. वेग 'मॅक्स'वर ठेवलाय. स्क्रीनवर काही यायच्या आधीच 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार! माझ्या कोडमध्ये भागाकार एकही नाही. चुकतंय कुठे?

उत्तर: तुमचा कोड बरोबर आहे. याच एररपायी माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. एकेक प्रोसीजर (कोडचा तुकडा) कॉमेंट करत, म्हणजे तात्पुरती बंद करत गेलो. शेवटी 'युझेस सीआरटी', 'बिगिन' आणि 'एंड' एवढंच उरलं, तरी एरर तोच. तेव्हा कुठे त्या पहिल्या ओळीकडे लक्ष गेलं.

सीआरटी हे पास्कलसोबत येणारं, स्क्रीन आणि वेळ सांभाळणारं तयार युनिट; ते तुमच्या 'बिगिन'च्या आधी चालतं. 'डिले'साठी, म्हणजे ठरावीक वेळ थांबायच्या आज्ञेसाठी, त्याला मिलिसेकंदाचं माप हवं असतं. म्हणून घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजून ते त्या आकड्याला ५५ ने भागतं. उत्तर १६ बिटांत, ६५,५३५ च्या आत मावायला हवं. मोजणी ३६ लाखांच्या वर गेली की ते मावत नाही, आणि प्रोसेसर त्यालाही शून्याने भागल्याचाच इंटरप्ट (काम अडवणारा इशारा) देतो. हे पास्कल आलं १९९२ मध्ये. तेव्हाचा ४८६ प्रोसेसर या आकड्याच्या जवळपासही जात नव्हता.

कंट्रोल-एफ११ दाबत वेग उतरवा, किंवा कॉन्फिग फाइलीत 'सायकल्स', म्हणजे डॉसबॉक्सच्या वेगाचा आकडा, ३००० वर कायम करा. सीआरटी दुरुस्त करणारे पॅचही मिळतात, पण ते लगेच लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. जुना कोड त्याच्या स्वतःच्या वेगात बघण्यासारखा असतो.

वेग अगदी ३०० पर्यंत खाली आणा. सीआरटी काढून राइटलाइनने, म्हणजे ओळ छापायच्या आज्ञेने, स्क्रीन भरा: मजकूर डॉसमधून येतो, ओळी रेंगाळत उमटतात. आता स्क्रीनच्या मेमरीत, म्हणजे बी८०० सेगमेंटच्या पहिल्या बाइटमध्ये, ६५ लिहा. वरच्या डाव्या कोपऱ्यात 'ए' हजर! पुढच्या बाइटमध्ये ४ टाका, तो लाल होतो. ८० गुणिले २५ जागा, प्रत्येकी दोन बाइट. अख्खा स्क्रीन ४,००० बाइटांत. सीआरटी घेतलं की राइटलाइन डॉसला वगळून थेट इथेच लिहितं. आपण प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर ती ओळ का टाकायचो, ते मला ३०० सायकल्सवर पुन्हा डोळ्यांनी दिसलं.